तोंड उघडा बघू

माणूस दाताच्या डॉक्टरकडे येतो तो दुखतं म्हणून. ठणका लागला, रात्र बसून काढली, लवंग झाली, तुरटी झाली, मेडिकलवाल्याने कागदात बांधून दिलेल्या गोळ्या झाल्या, की मग आमची पायरी. खुर्चीत बसल्यावर बोट थेट दाढेवर. बाकीचं तोंडही दाखवायचं असतं, हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात, एस.टी. स्टँडच्या मागे माझा दवाखाना आहे, आणि तिथलं माझं निम्मं भांडण यावरूनच चालतं. "मॅडम, दाढ हिकडं हाय, तुमी तिकडचा गाल कशाला वढताय?"

मी ओढतेच. आधी दोन्ही गाल आतून. मग जिभेचं टोक गॉजच्या तुकड्यात धरून जीभ एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, कारण भानगडी बहुतेक कडेलाच असतात. मग जिभेखालची जागा, टाळू, अक्कलदाढेच्या मागचा कोपरा, आणि शेवटी बाहेरून जबड्याखाली नि मानेवर बोटं. दिवा, आरसा, गॉज, दोन बोटं. दोन-तीन मिनिटांचा मामला. तेवढ्यात दाढ कुठं पळून जात नाही.

ही खोड कॉलेजातली. ओरल पॅथॉलॉजी शिकवणारे आमचे सर म्हणायचे, दुखणारा दात पेशंटच शोधून आणतो, त्यासाठी तुम्ही इतकी वर्षं शिकायची काय गरज? तेव्हा आम्ही हसायचो. आता त्या वाक्यावरच माझा दवाखाना चालतो, उत्पन्न मात्र दुखणाऱ्या दातांवर.

कातडी सोडली, तर कॅन्सर होण्याची तोंडाइतकी उघड्यावरची जागा शरीरात दुसरी नाही. फुप्फुसाला स्कॅन लागतो, आतड्याला नळी घालावी लागते. तोंडाला लागतो उजेड. तरीही २०२२ च्या जागतिक अंदाजांत भारतातले ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे नवे रुग्ण वर्षाला १ लाख ४३ हजारांहून जास्त आहेत, आणि मृत्यू जवळपास ८० हजार. यातले पुष्कळजण उशिरा येतात. कारण साधं आहे. सुरुवातीला ते दुखतच नाही.

कॅन्सरच्या आधीची एक पायरी मात्र झोंबते. तिच्याकडेच आधी वळते.

पंचविशीतला मुलगा येतो. टेम्पो चालवणारा, नाहीतर मोबाइलच्या दुकानात बसणारा. तक्रार काय, तर तोंड येतं सारखं, तिखट चालत नाही. सोलापूरचा माणूस शेंगाचटणी सोडतो म्हणजे प्रकरण किरकोळ नाही. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या खाऊन झालेल्या असतात. मी विचारते, पाणीपुरी जाते का अख्खी? तो जरा ओशाळून हसतो. फोडून खातो म्हणतो. तोंड उघडायला सांगितलं की दोन बोटांची फट. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या कडांमधलं अंतर मोजायचं, धडधाकट माणसाचं चाळीस मिलिमीटरच्या आसपास भरतं. त्याचं निघतं चोवीस. गालाची आतली बाजू गुलाबी राहिलेली नसते, रंग उडून पांढुरकी पडलेली असते. बोट फिरवलं की बाजेचं ताणलेलं सुंभ हाताला लागावं तसे उभे पट्टे लागतात. याला म्हणतात ओरल सबम्युकस फायब्रोसिस. केस पेपरवर आम्ही ओ.एस.एम.एफ. लिहितो आणि पेशंट "माझं तोंड लॉक झालंय" म्हणतो.

या आजाराचा शोध कसा लागत गेला, ती कथा मला फार आवडते. १९५२ साली श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरने केनियात राहणाऱ्या पाच भारतीय बायकांच्या तोंडाचं वर्णन लिहिलं. कारण सापडेना, म्हणून नावातच 'इडियोपॅथिका' घातलं, म्हणजे का होतं ते ठाऊक नाही. पुढच्याच वर्षी मुंबईचे कान-नाक-घशाचे सर्जन एस. जी. जोशी यांनी इथल्या रुग्णांवर लिहिलं आणि टाळूच्या सबम्युकस फायब्रोसिसचं नाव रूढ केलं. आता संशय कुणावर घ्यायचा? रुग्ण भारतीय, आणि प्रत्येकाची पहिली तक्रार एकच, तिखट झोंबतं. आळ आला मिरचीवर.

आळ नुसता गप्पांत नव्हता. भारतातल्या पॅथॉलॉजीचा पाया घालणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सिरसाट यांनी ठरावीक आहारावर ठेवलेल्या उंदरांच्या टाळूला मिरचीतलं कॅप्सेसिन लावून पाहिलं आणि १९६० साली त्यावर निबंध छापला. खानोलकर म्हणजे लहान माणूस नव्हे. तंबाखू खाणं-ओढणं आणि तोंड-घशाचा कॅन्सर यांचा संबंध त्यांनी संघवी आणि राव यांच्याबरोबर १९५५ सालीच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आकड्यांनिशी मांडला होता. एवढ्या जाणत्या माणसालाही मिरची तपासून पाहावीशी वाटली, यात मला कमीपणा दिसत नाही. रुग्ण जिथं बोट दाखवतो तिथून सुरुवात करायची, ही रीतच आहे. गंमत अशी की मिरची झोंबत होती ते आजार झाल्यावर. तोंडाची आतली त्वचा पातळ पडली होती, म्हणून कालपर्यंत गोड लागणारं तिखट आज जाळत होतं. करणारा दुसराच होता, आणि तो अजिबात झोंबत नव्हता. उलट सुगंधी होता.

गुजरातेत भावनगरला ओ.एस.एम.एफ.चे ६० रुग्ण आणि त्यांच्या जोडीला आजार नसलेले ६० लोक घेऊन सवयींची तुलना झाली. १९९० साली निष्कर्ष छापला, की सुपारी या ना त्या रूपात खाणाऱ्यांत हा आजार होण्याचा धोका न खाणाऱ्यांच्या सुमारे १०९ पट. वैद्यकात दोनपट-तीनपट धोका निघाला तरी माणसं खुर्चीत सावरून बसतात. १०९ म्हणजे विषय संपला. पुढे त्याच जिल्ह्यात खेडोपाडी पाहणी झाली. तंबाखू-सुपारीची सवय असलेल्या ५,०१८ पुरुषांत १६४ जणांना ओ.एस.एम.एफ. सापडला, आणि त्यातले बहुतेक ३५ वर्षांच्या आतले. मधल्या काळात पानमसाला आणि गुटख्याच्या पुड्या आल्या होत्या. पानाला पान लागतं, चुना लागतो, लावणारा लागतो. पुडीला फक्त दात लागतात फाडायला.

सुपारीबद्दल बोलताना मी जरा चाचरते, कारण माझं आजोळ श्रीवर्धनकडचं. तिथली रोठा सुपारी लोक नाव घेऊन मागतात. मामाच्या वाडीत पोफळीखाली आमच्या मे महिन्याच्या सुट्ट्या गेल्या आणि आजीचा अडकित्ता अजून आईकडे आहे. पूजेत गणपती मांडायचा तो सुपारीचा. अशा वस्तूला कॅन्सरचं कारण म्हणायचं, तर घरातूनच विरोध होतो. पण २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने तेच म्हटलं. तंबाखू न घालता नुसती सुपारी खाल्ली, तरी ती माणसात कॅन्सर करते. मामाला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आम्ही विकतो, खात कोण बसतंय!" त्याला उत्तर नव्हतं माझ्याकडे, अजूनही नाही. वाडीवर दोन घरं चालतात.

सुपारी गालात काय करते, हे आता बऱ्यापैकी कळलंय. तिच्यातलं अरेकोलीन गालाच्या आतल्या पेशींना कोलॅजेनचे तंतू बनवायला लावतं. तिच्यातल्या टॅनिनसारख्या द्रव्यांमुळे हे तंतू मोडायचं काम मंदावतं. सुपारीत तांबंही बरंच असतं, आणि तंतूंना एकमेकांशी पक्के जोडणारं लायसिल ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम तांब्यावरच चालतं. म्हणजे बनतात जास्त, मोडतात कमी, आणि जोडले जातात घट्ट. दिवसभर पुडी गालात ठेवणाऱ्याच्या गालात हे तिन्ही उद्योग एकदम सुरू असतात.

उपचारांचं विचाराल, तर इथं आमची बाजू लंगडी आहे. सुपारी सोडली तर आजार पुढे सरकायचा थांबू शकतो, पण गेलेलं तोंड परत येत नाही. गालात स्टेरॉइड आणि हायलुरोनिडेजची इंजेक्शनं देतात, टोमॅटोत असतं त्या लायकोपीनच्या गोळ्या देतात, फारच आवळलं तर ऑपरेशन करून पट्टे कापतात आणि त्या जागी दुसरीकडचा मांसल भाग बसवतात. या प्रत्येकावर संशोधन आहे, नव्हे, ढीगभर आहे. त्या ढिगाबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंध करायचा असतो, हाताशी तीसेक रुग्ण असतात, तीन महिने औषध देतात, तोंड चार मिलिमीटर जास्त उघडतं आणि निष्कर्ष आशादायक. वर्षभराने त्या तीस जणांचं तोंड किती उघडत होतं, ते बघायला कुणी गेलेलं नसतं, कारण विद्यार्थी एव्हाना पास झालेला असतो.

त्यातल्या त्यात खात्रीचा उपाय म्हणजे व्यायाम. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या. दाढांच्या मध्ये जेवढ्या मावतील तेवढ्या रचायच्या, मग आणखी एक सरकवायची, दुखेपर्यंत. दिवसातून चार-पाच वेळा, महिनोन्‌महिने. टेम्पोवाला एकजण आहे माझ्याकडे, काड्यांना रबर लावून त्या खिशात ठेवतो. सिग्नलला लागलं की तोंडात. पूर्वी त्याच खिशात पुड्या असायच्या. आल्या आल्या विचारतो, "किती भरलं?" मी पट्टी लावते. सव्वीस. गेल्या वेळी चोवीस होतं. त्याचा चेहरा बघून घ्यावा. दोन मिलिमीटरचं अप्रूप दुसऱ्या कुठल्या आजारात असेल असं वाटत नाही.

केरळात एर्नाकुलमच्या खेड्यांत अशा ६६ रुग्णांवर १७ वर्षं लक्ष ठेवलं गेलं. त्यातल्या ५ जणांना कॅन्सर झाला. १९८५ साली छापलेला हा ७.६ टक्के आकडा आम्ही परीक्षेत पाठ केला होता. आकडा लिहिला की दोन गुण. तो आणायला कुणीतरी १७ वर्षं त्याच ६६ घरांच्या पायऱ्या झिजवल्या, हे त्या वयात डोक्यात येत नाही.

ही पायपीट केली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या माणसांनी. हो, कुलाब्याची तीच, होमी भाभांची. अणू आणि विश्वकिरणांच्या त्या इमारतीत एकेकाळी दंतसंशोधनाचा एक विभाग होता आणि त्याचे प्रमुख होते डॉ. फली मेहता. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा खरं वाटेना. त्यांच्याबरोबर संख्याशास्त्राचे प्रकाश गुप्ता होते, डॉ. दफ्तरी होते, आणि कोपनहेगनहून येणारे पिंडबोर्ग होते, तोंडाच्या आजारांतलं जगातलं मोठं नाव. या मंडळींनी एर्नाकुलम, श्रीकाकुलम, भावनगर, सिंगभूम आणि दरभंगा या पाच जिल्ह्यांत घरोघर जाऊन ५०,९१५ लोकांची तोंडं तपासली. मग पुणे जिल्ह्याच्या खेड्यांत १,०१,७६१ लोकांची. हा दुसरा निबंध १९७२ चा. मुंबईच्या पोलिसांच्या तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यांवर दहा वर्षांची नोंदही त्यांचीच.

लाखभर तोंडं म्हणजे काय, ते मला विचारा. दिवसाला वीस झाली की माझी मान धरते. शिवाय ती आपणहून उघडलेली नव्हती. कुणी शेतातून आलेलं, कुणी जेवत असलेलं, कुणाची सून पडद्याआड. काही दुखत नसताना परक्या माणसासमोर तोंड उघडायचं. त्यातून कळलं, की ज्या भागात जशी सवय, तशी त्या भागातल्या तोंडात खूण. श्रीकाकुलमच्या बायका चुट्ट्याचं, म्हणजे तंबाखूच्या पानाच्या जाड विडीचं, जळतं टोक तोंडात धरून ओढतात, तर तिथं आजार टाळूला. जिथं तंबाखूची गोळी गालात, तिथं गालाला. नंतर याच गटाने ३६ हजारांवर तंबाखू वापरणाऱ्यांना सवय सोडायला शिकवून, दरवर्षी पुन्हा तोंडं तपासून दाखवलं, की सवय सुटली-घटली तर हे चट्टे होण्याचं प्रमाणही घटतं. तो निबंध १९८६ मध्ये लॅन्सेट या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने छापला.

प्रश्न कसा विचारायचा, हेही त्या पाहण्यांतून शिकण्यासारखं आहे. माझ्याकडे येणाऱ्या मावश्यांना "तंबाखू खाता का?" विचारलं तर उत्तर ठाम नाही. "व्यसन?" छे, छे, काहीतरीच काय. "आणि मिसरी?" "ती लावते की! दात घासायला." तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, चाळायची, डबीत भरायची आणि बोटाने दाताला लावत बसायचं, सकाळी, जेवणानंतर, दुपारी गप्पा मारताना, रात्री. ओठाच्या आत त्या बोटाच्या जागी नेमका चट्टा असतो. विदर्भातल्या माझ्या मैत्रिणीला हाच अनुभव खर्ऱ्याचा. सुपारी, तंबाखू नि चुना पन्नीत घोटून घोटून तोंडात टाकतात, पण तंबाखू म्हणून त्याची गणती नाही. फॉर्मवर 'तंबाखूचे व्यसन : होय/नाही' एवढीच चौकट असेल, तर त्या फॉर्मवरून निघालेल्या आकड्यांचं काय करायचं?

राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. खर्रा, मावा, सुगंधी सुपारी यांनाही ती लागू आहे. टपरीवर तेव्हापासून एक पुडी पानमसाल्याची आणि एक तंबाखूची मिळते, दोन्ही वेगवेगळ्या. मिसळायचं काम गिऱ्हाईक करतं. यावर अधिक काय बोलणार.

पांढरा चट्टा दिसला आणि पुसून निघाला नाही, की तुकडा काढून तपासायला पाठवायचा. बायोप्सी. हा शब्द उच्चारला की खोलीतली हवा बदलते. "हत्यार लागलं की खवळतंय म्हणं ते." चुलत्याला तुकडा काढला आणि सहा महिन्यांत गेला, ही गोष्ट प्रत्येक घरात एक तरी असते. चुलता आधीच चौथ्या टप्प्यात होता, हे त्या गोष्टीत नसतं. मी भांडत नाही. समोर बसून दाखवते, केवढा तुकडा, कुठला. पाच मिलिमीटरचा पंच, म्हणजे गोल पात्याचं हत्यार, जागा बधिर करून. तो चट्ट्याच्या मधोमध नव्हे, तर कडेला लावायचा, म्हणजे थोडा आजारी भाग आणि थोडा निरोगी भाग शेजारी शेजारी मिळतो. मधला भाग कधी कधी मेलेला असतो, त्यावरून काही वाचता येत नाही. तुकडा चिमट्याने चेंगरायचा नाही. लगेच दहा टक्के फॉर्मलिनमध्ये टाकायचा, तेही तुकड्याच्या निदान दहापट. औषधाच्या रिकाम्या बाटलीत, सलाइनमध्ये टाकून पाठवलेले तुकडे मी शिकाऊ असताना पाहिलेत. त्यांचं पुढे काही होत नाही.

तिकडे प्रयोगशाळेत तो मेणात बसवतात, चार-पाच मायक्रॉनचे काप काढतात, हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिनने रंगवतात. केंद्रकं निळी-जांभळी, बाकी गुलाबी. मग एक माणूस डोळा लावून बसतो. पेशींचे थर खालून वर जाताना शहाण्यासारखे सपाट होत जातात, की वरच्या थरातही खालच्यासारख्याच मोठ्या केंद्रकाच्या पेशी गर्दी करून आहेत? तळाची सीमारेषा अखंड आहे, की कुठं पेशी ती ओलांडून खाली उतरल्यात? पेशी बिघडल्यात पण रेषा अखंड असेल तर डिस्प्लेजिया, म्हणजे कॅन्सरच्या आधीची पायरी, ओलांडली असेल तर कॅन्सर. रंगवायचे द्रव, विशिष्ट प्रकाशाचे टॉर्च, मोबाइलवरच्या फोटोवरून सांगणारे प्रोग्रॅम, दरवर्षी काहीतरी नवं येतं आणि कंपनीचा प्रतिनिधी पत्रक ठेवून जातो. कुठं पाहायचं, हे ठरवायला त्यांची मदत होईलही. निर्णय मात्र अजून त्या जांभळ्या-गुलाबी कापावरच होतो.

आणि शोधायला खरोखर काय लागतं, याचं उत्तर तिरुअनंतपुरमहून आलं. १९९६ पासून तिथल्या १३ पंचायतींत एक प्रयोग झाला. काही पंचायतींत पस्तिशीच्या पुढच्या लोकांची तोंडं तीन-तीन वर्षांनी तपासायची, बाकीच्यांत नेहमीसारखं चालू द्यायचं. दोन्हीकडे मिळून १ लाख ९० हजारांवर माणसं. तपासणारे डॉक्टर नव्हते. साधे पदवीधर, प्रशिक्षण दिलेले आरोग्यसेवक. हातात टॉर्च. २००५ साली लॅन्सेटमध्ये निकाल आला. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू तपासणीच्या गटात साधारण एक तृतीयांशाने कमी. सवय नसलेल्यांना विशेष फायदा नाही. इतकं स्वच्छ उत्तर संशोधनात क्वचित मिळतं: कुणाला तपासायचं, कुणी तपासायचं, कशाने तपासायचं, सगळं त्यात आहे.

ते आपण वाचलं आणि काय केलं? सरकारने तिशीच्या पुढच्या सगळ्यांची तपासणी करायचं धोरण आखलं, आशाताईंच्या हाती अर्ज दिले. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या लोकांना विचारलं, तोंडाच्या कॅन्सरसाठी तुमचं तोंड कधी कुणी तपासलंय का? हो म्हणणाऱ्या बायका ०.९ टक्के, पुरुष १.२ टक्के. शंभरात एक. एका आशाताईकडे किती अर्ज असतात आणि त्यांचे किती पैसे मिळतात, हे मला माहीत आहे, म्हणून तिच्यावर राग काढण्यात अर्थ नाही.

आमच्या जिल्ह्यात मात्र याहून बरं उदाहरण आहे आणि ते पुरेसं कुणी सांगत नाही. बार्शी. तिथल्या नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालयाच्या आधाराने १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली खेडी. शहरात नोंदणी म्हणजे रुग्णालयांच्या वह्या चाळायच्या. खेड्यात रुग्णालयच नाही, तर वह्या कुठल्या? म्हणून नोंदणीची माणसं गावोगाव गेली, पारावर बसली, लोकांशी बोलली, कुणाला अंगावरून जातंय, कुणाच्या तोंडात जखम आहे, विचारत राहिली. मोजायला गेले होते, पण नुसत्या त्या बोलण्याने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या, असं पुढे त्यांच्याच आकड्यांत दिसलं. औषध नाही, यंत्र नाही. विचारपूस.

कॅन्सर निघालाच तर काय, यावर एक मोठा वाद जगभर पन्नासेक वर्षं चालू होता. तोंडातली गाठ लहान आहे, मानेत गाठी हाताला लागत नाहीत. ऑपरेशनच्या वेळी मानेतल्या लसिकाग्रंथी आधीच काढून टाकायच्या, की गाठ आली तर बघू म्हणून थांबायचं? काढल्या तर खांद्याला त्रास, मोठी जखम, वेळ आणि खर्च. न काढल्या तर आत लपलेल्या पेशींची धास्ती. दोन्ही बाजूंना नावाजलेले सर्जन. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २००४ ते २०१४ या काळात ५९६ रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्या तसं दोन गटांत वाटून हा प्रश्न सोडवला. तीन वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण, आधीच मान साफ केलेल्यांत ८० टक्के, थांबलेल्यांत ६७.५ टक्के. म्हणजे आठ जणांची मान आधी साफ केली की एक जीव जास्त वाचतो. निकाल इतका उघड होता की पहिल्या पाचशे रुग्णांच्या आकड्यांवरच तो जाहीर झाला, आणि २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलने छापला.

मला त्याचा अभिमान वाटतो आणि वाटता वाटता तो घशात अडकतो. जगाचा वाद मुंबईत मिटला, कारण एकाच आजाराची एवढी माणसं एका इमारतीत मुंबईतच जमतात.

तिथलंच आणखी एक काम. पुढे गेलेल्या, परतलेल्या कॅन्सरमध्ये शिरेतून सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचं औषध द्यायचं, ही रीत. त्याला दवाखान्यात यावं लागतं, उलट्या होतात, गावाकडच्या माणसाची भाड्यातच निम्मी ताकद जाते. टाटाच्या डॉक्टरांनी दोन जुन्या, स्वस्त गोळ्या लहान डोसात सतत देऊन पाहिल्या, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा आणि सेलेकॉक्सिब रोज. २०२० चा निकाल असा की सिस्प्लॅटिनवर निम्मे रुग्ण ६.१ महिन्यांहून जास्त जगले, गोळ्यांवर ७.५ महिन्यांहून, आणि गंभीर त्रासही कमी. दोन वर्षांनी त्यांनी या दोन आणि आणखी एक अशा तीन गोळ्यांच्या जोडीला निवोलुमॅब हे महागडं प्रतिकारशक्तीचं औषध दिलं, पण नेहमीच्या डोसाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, तीन आठवड्यांतून २० मिलिग्रॅम. वर्षभर जगणारे १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. औषध कंपनी असा प्रयोग कशाला करेल? कमी औषधात भागतं, हे सिद्ध करून तिला काय मिळणार? ज्याच्या ओपीडीत पैसे नसलेली माणसं रांगेत उभी असतात, त्यालाच हा प्रश्न सुचतो.

परवा एकजण आपल्या मामाचे कागद घेऊन आला होता. मामाचं ऑपरेशन झालेलं, वर्षात पुन्हा उगवलेलं, वय बासष्ट. त्याने मोबाइलवर या गोळ्यांचं वाचलं होतं. "मॅडम, मेथोट्रेक्सेट तर आपल्या कोपऱ्यावरच्या मेडिकलात हाय, संधिवाताला देत्यात. आजपासनं चालू करू का?" त्याला सांगितलं, मुळीच नाही. आठवड्याची गोळी चुकून रोज घेतली तर माणूस त्या गोळीनेच जातो. आधी रक्त, किडनी, लिव्हर तपासावी लागेल आणि डोस ठरवायचा तो कॅन्सरच्या डॉक्टरांनीच. बार्शीत होईल की मुंबईला जावं लागेल, ते कागद बघून तिथलेच सांगतील. मी चिठ्ठी लिहून दिली. तो निघताना म्हटलं, बस जरा खुर्चीत, तोंड उघड बघू. "मला काय झालंय?" म्हणाला. पण बसला. खालच्या ओठात, डाव्या बाजूला, पुडी ठेवायची जागा सुरकुतून पांढरी झालेली. अजून मऊ होती. पंधरा दिवसांनी दाखवायला ये म्हणून कार्डावर तारीख घातली, आणि मामाच्या बसची वेळ विचारायला त्याला खाली कंट्रोलरकडे पाठवलं.